नील बेटावरची विहीर

साप चावलेल्या माणसाला आधी मांत्रिकाकडे नेलं, म्हणून त्याच्या नातेवाइकांना सगळ्यांसमोर झापणारी बाई आहे मी. तेलगावजवळच्या उपकेंद्रात बावीस वर्षं नर्स. त्यात आमचं घर बौद्ध. अंगारे, गंडेदोरे, भानामती... सासऱ्यांनी धर्मांतर केलं तेव्हाच हे सगळं उंबऱ्याबाहेर काढलं. तेव्हा मी हे लिहितेय म्हणजे सहज लिहीत नाही, एवढं समजून घ्या.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते वर्ष. माझे मिस्टर सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर सुपरवायझर होते. जनावरं छावणीत गेलेली, दूध आटलेलं, केंद्र एक दिवसाआड चालायचं. मिस्टरांना कधी नव्हे ती रजा मिळाली. माझी एलटीसी वाया चालली होती. ठरलं — अंदमान.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. ऐंशी पार केलेल्या, पण काटक. त्या म्हणाल्या, "मला बी न्या की. समिंदर कसा आस्तो, बघन मी."

मिस्टर म्हणाले, "माय, बोटीत चढायचं, विमानात बसायचं... जमणार हाय का तुला?"

आणि मी म्हणाले, "आत्या, टँकर कधी येतो नेम नाही. घरी माणूस पाहिजे ना."

शेजारच्या छायाला मी सांगून ठेवलं, पाणी तू भर, म्हातारीला उन्हात जाऊ देऊ नको.

पोर्ट ब्लेअरहून बोटीनं नील बेटावर गेलो. छोटंसं बेट. एका बंगाली बाईच्या घरी दोन खोल्या पाहुण्यांसाठी होत्या, तिथं उतरलो. सगळे तिला मिनतीदी म्हणत. सकाळी ती भाजीचे वाफे शिंपायची, दुपारी बाहेर मासळी वाळत घालायची. मागे सुपारीची झाडं आणि त्यांच्यात एक विहीर. समुद्र शंभर पावलांवर, पण पाणी गोड! आणि इतकं वर, की वाकलं तर हात बुडेल. मिस्टर किती तरी वेळ त्या काठावर बसून होते. "आपल्याकडं साठ परस खांदलं तरी फुफाटा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी खडकांवरची प्रवाळं बघायला गेलो. दोनच्या सुमारास परत आलो, तर मिनतीदी दारातच उभी.

"माँजी को कहाँ छोड़ आए?"

"कौन माँजी?"

"आपकी माँ. बारा बजे आई थीं. कुएँ पर."

आम्हाला वाटलं, दुसऱ्या कुणाची असेल. ती ऐकेना. हिरवं नऊवारी, हातावर गोंदण, अनवाणी. विहिरीपासून चार हात लांब उभी होती म्हणे, जवळ येईना. "बार-बार बोल रही थीं, शिबू का, शिबू का... शिबू किसका नाम है? आपका बेटा?"

आमच्यात शिबू कोणीच नाही. मुलाचं नाव राहुल, तो शिकायला बाहेरगावी.

"मैं बोली, माँ, पानी चाहिए तो निकालो. हाथ से दिखाया. तब आई. खुद बाल्टी खींची. कितना पिया, बाप रे! फिर सिर पर डाला. मैं मूड़ी-मुरमुरा लाने अंदर गई, वापस आई तो नहीं थीं."

मिस्टरांनी हसतहसत मोबाइलमधला आत्यांचा फोटो दाखवला. ती म्हणाली, "हाँ. यही."

"म्हाताऱ्या बाया सगळ्या सारख्याच दिसतात," मिस्टर मला म्हणाले. पण जेवले नाहीत.

दिवसभर मोबाइलला रेंज नव्हती. पाचच्या सुमारास आली आणि छायाचा फोन लागला. ती रडत होती. "मामी, आत्या पडल्या. मी यायच्या आधीच कळशी घिऊन टँकरवर गेलत्या. बारा वाजता चक्कर आली. तीन वाजेपस्तोर शुद्ध न्हवती. अंबाजोगाईला आनलंय."

बोट, विमान, पुन्हा विमान, मग हैदराबादहून जीप. पोचायला तिसरा दिवस उजाडला. वाटेत मिनतीदीचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही. छायालाही काही सांगितलं नव्हतं.

आत्या शुद्धीवर होत्या. सलाईन चालू होतं. लघवी जवळजवळ बंद झालेली, म्हणजे किडन्या चालल्या होत्या, ते मला कळत होतं. मी चमच्यानं पाणी द्यायला गेले, तर त्यांनी तोंड फिरवलं.

"न्हाई तहान, पोरी. मी पिऊन आले."

"कुठं, आत्या?"

"तितंच की. तुमी उतरलेल्या घरी. सुपारीत हीर हाय ती."

मिस्टर खाटेच्या कडेला बसले.

"हिरीजवळ गेले अन् तोंडातून निघूनच गेलं बग... शिवू का? ल्हानपनी इचारायचो ना आमी, तसं. आमी खाली बसायचं, वरून कुनी वतलं तर प्यायचं. दोर न्हाई शिवायचा. त्या बाईला इचारलं, शिवू का? ती हसली. काय म्हनली कळालं न्हाई. पर हातानं म्हनली, काढ."

शिबू का. शिवू का...

मिस्टर उठून व्हरांड्यात गेले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

सहाव्या दिवशी आत्या गेल्या. शेवटपर्यंत पाणी मागितलं नाही.

उष्माघातात माणूस बडबडतो, हे मी नोकरीत कितीदा पाहिलंय. विहिरीचं मिस्टरांनी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं असेल, असंही मी स्वतःला समजावलं. त्यांना तसं आठवत नाही. पण ज्या बाईला मराठीचा एक शब्द येत नाही, तिच्या तोंडी ते दोन शब्द आत्यांनी सांगण्याआधीच कसे आले? डॉक्टरांना विचारलं, विहारातल्या भन्तेजींना विचारलं. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, मात्र आत्मा, मुक्ती असलं काही नको.

आत्या तिथं कशा पोचल्या, मला माहीत नाही. आम्ही त्यांना न्यायला हवं होतं, तेवढं मात्र माहीत आहे.