नाटकातलं मीठ

खरं सांगते, त्या रविवारी मला नाटकबिटक काही नको होतं. आठवडाभर ऑफिसात मान मोडून काम, घरी आल्यावर पोळ्या, आणि वर माय. वडील गेल्यापासून तिने तोंडाला कुलूप लावलं होतं. गावाहून धुळ्याला माझ्याकडे आणलं तरी तेच. काही विचारलं की "हा", नाहीतर "नही". ताट वाढावं तर दोन घास चिवडून उठायची. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठीक आहे, मन रमवा. मन रमवा म्हणे! सांगायला काय जातं त्यांचं!

जळगावला मुंबईच्या मंडळींचं नाटक होतं, दुपारचा प्रयोग. मी तिकिटं काढली आणि तिला एसटीत घातलं. पारोळ्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती, पुढे डोळे मिटून बसली. माझी कंबर पार ढिली झाली. नाट्यगृहाच्या पायऱ्या चढताना ती एकदाच बोलली, "घर चाल." म्हटलं, आता आलोय तर बघू.

नाटक एका म्हाताऱ्याचं होतं. बायको वारलेली, मुलगा परदेशी. एका प्रवेशात तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतः खिचडी करतो, ताट घेऊन बायकोच्या फोटोसमोर बसतो आणि विचारतो, "मीठ बरोबर पडलंय का गं?" मग गप्प. सगळं थिएटर चिडीचूप. माझा तर डोळाच लागत होता.

आणि शेजारून खणखणीत आवाज आला, "बरोबर शे रे भाऊ! खाई ले!"

आमच्या गावी जत्रेत सोंगं नाचायची, तेव्हा बघणारे असेच मधे बोलायचे. सोंगवाला उलट जबाब द्यायचा, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. इथे मात्र अख्खं थिएटर खिदळलं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळून म्हणाले, "अहो, घरी बसवायचं ना यांना!"

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "तुम्ही पुढे बघा हो! कितीतरी महिन्यांनी अशी मोकळी बोललीये ती."

ते मुकाट वळले. तिकडे तो नट जरा थांबला, मायच्या दिशेने मान हलवली आणि खिचडीचा घास तोंडात घातला. नाटकात तसं लिहिलेलं होतं की नाही, देव जाणे.

परतीच्या गाडीत मला फक्त झोप हवी होती. तर माय बोलायला लागली.

"तो बिचारा इचारस, आनि कोनी सांगत नही. कसं वाटस, ते माले माहीत शे."

"तुला कसं गं माहीत?"

"मी बी रोज इचारू, मीठ बरोबर शे का. तुन्हा बाप नुसता जेवे. चांगलं नही म्हने, वाईट नही म्हने. हात धोवे नि उठे." मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "आते ते इचाराले बी कोनी नही."

माझी झोप उडाली. वडिलांच्या शेजारी पाट मांडून मीही जेवतच होते की.

घरी आले आणि सोफ्यावर अंग टाकलं. कपडे बदलायचंही त्राण नव्हतं. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला, म्हणून मान वर केली, तर माय पिठलं ढवळत होती. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच गॅसपाशी उभी होती. पिठलं-भाकरीचं ताट आणून माझ्या पुढ्यात ठेवलं, स्वतःचंही घेतलं, आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली.

"मीठ बरोबर शे का?"

जीभ चरचरावी इतकं मीठ होतं.

"बरोबर शे, माय," मी म्हणाले. "तू बी जेव."

तिने घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे डोळे वटारले.

"खारं व्हई गयं ना! खोटं बोलस!"

असं म्हणत तिने दुसरी भाकरी मोडली आणि ताट पुसून खाल्लं.