फिलोमिनामावशींचं आतडं

"मॅडम, मम्मी सगळं खाते. मग जातं कुठे?"

सँड्राने आईचे रिपोर्ट माझ्यापुढे ठेवले. हिमोग्लोबिन सात. सहा महिन्यांत वजन नऊ किलोने उतरलेलं.

तिची आई, फिलोमिनामावशी, समुद्रकाठच्या उत्तन गावच्या. जन्मभर मासे विकले. गुडघे गेले तेव्हा सँड्रा त्यांना शहरात, बेव्हर्ली पार्कला आपल्या घरी घेऊन आली. मी पोटविकारांची डॉक्टर. पहिली शंका मला कॅन्सरची आली. सँड्रालाही आली असावी, ती माझ्याकडे बघत नव्हती.

"मला गावाला सोडा," मावशी म्हणाल्या. "तिकडं पोट बरं असतं. इथं न्हाय."

"तिकडे काय खाता?"

"भात, मासं, तांदळाची भाकरी."

"आणि इथे?"

उत्तर सँड्राने दिलं. चपाती, पाव आणि ताकद यावी म्हणून गव्हाचे लाडू. ऑफिसला जायच्या आधी ती स्वतः वळायची.

आता मला गव्हाचा संशय आला, पण तो लगेच बंद केला असता तर आजाराच्या खुणा पुसल्या जाऊन तपासणीत काही सापडलं नसतं. म्हणून आधी रक्त तपासलं, मग कॅन्सरचीही शंका दोघींना सांगून दुर्बिणीतून लहान आतड्याचे बारीक तुकडे काढले.

लहान आतड्याला आतून टॉवेलच्या धाग्यांसारखे उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. पचलेलं अन्न, लोह, सगळं तेच शोषून रक्तात पाठवतात. मावशींचे रसांकुर झिजून सपाट झाले होते. कॅन्सर नव्हता. सिलिअ‍ॅक होता. यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं.

"म्हणजे मीच मम्मीला..." सँड्रा रडायला लागली.

"गप गं," मावशींनी तिचा हात धरला. "डॉक्टर, हिला काय बोलू नका. लाडू लय चांगले व्हते."

मी डाएट चार्ट दिला. मावशी उठेनात.

"रविवारी चर्चमध्ये कम्युनियनला पातळ चकती देतात. ती?"

प्रभूचं शरीर मानून घेतात ती चकती गव्हाचीच. मी "नाही" म्हटलं. कॅन्सरचं नाव निघालं तेव्हाही स्थिर राहिलेला त्यांचा चेहरा आता पडला. मी त्यांच्या फादरना फोन लावला.

"त्यांना चकतीऐवजी नुसता द्राक्षारस देऊ. चालतं," फादर म्हणाले.

चार महिन्यांत वजन पाच किलोने वाढलं. मावशी माझ्यासाठी सुके बोंबील घेऊन आल्या.

आमच्या छापील चार्टवर वर्ज्य पदार्थांत बिस्किटं आहेत, पाव आहे, शेवया आहेत. कम्युनियनची चकती नाही. ती मी आता पेनाने लिहिते.