मोतीरामांचा चार ओळींचा अर्ज

मोतीराम दाभाडे उस्मानपुऱ्यात राहत. आमच्या महसूल कार्यालयाच्या भिंतीला लागून त्यांचं टेबल होतं आणि लोकांचे अर्ज लिहून देणं हा त्यांचा धंदा. मी आत अर्ज घेणारा कारकून. त्यांचं अक्षर वीस वर्षं पाहिलं. त्यांच्यावर लिहायला माझ्याहून बरा माणूस मिळाला असता, पण कुणी लिहिलं नाही.

बाकीचे अर्जनवीस ‘सदरहू’, ‘सबब’, ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’ करत दोन पानं भरत. मोतीराम चार ओळी लिहीत. गिऱ्हाइकं कुरकुरत.

“एवढुसंच? शेजारचा तर दोन पानं लिव्हतो.”

“त्याच्याकडं जा मग. साहेब दुसरं पान उलटतच नाय.”

खरं तर पहिलंही आम्ही नीट वाचत नसू.

एकदा बिडकीनच्या कडूबाई त्यांच्याकडे आल्या. माहेर चिकलठाण्याचं. वडील वारले होते आणि जमिनीवर वारस म्हणून आपलं एकट्याचं नाव लागावं, असा अर्ज त्यांच्या भावानं, कृष्णानं, केला होता. त्याची नोटीस बाईंना आली होती. सगळी मिळून एकच वाक्य, अकरा ओळींचं. शेवटी, हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. तो पंधरावा दिवस होता.

“लिव्हा दादा, माझी काय हरकत नाय.”

“कशाला हरकत नाय?”

“त्यांनी इचारलंय तर सांगाया नको व्हय? कृष्णा म्हणला, तेवढं लिहून दे.”

हरकत नाही, हे आपण पाहुण्यालाही म्हणतो. बाईंना ते रीतीचं उत्तर वाटलं होतं. मोतीरामांनी पेन खाली ठेवलं.

“तुमच्या बाबांच्या रानावर एकट्या कृष्णाचं नाव लागणार. तुमचं नाय. असं पाहिजे का तुम्हाला?”



“का? मी काय मेले व्हय?”

“तेच लिहितो. मरणाचं सोडून.”

अर्ज माझ्या खिडकीत आला तेव्हा कार्यालय बंद व्हायला वीस मिनिटं होती. ‘मी कडूबाई, कै. फकिरा यांची मुलगी. माझे वडील वारले. त्यांना मी आणि कृष्णा अशी दोनच मुलं. वडिलांच्या जमिनीवर आम्हा दोघांचं नाव लावा.’ खाली सही आणि तारीख.

मी तो परत केला. नोंदवहीत ‘हरकत अर्ज’ असा रकाना होता आणि अर्जात तो शब्दच नव्हता. बाई मोतीरामांना घेऊन आल्या.

“भाऊसाहेब, वाचून काय समजलं तुम्हाला?”

“बाईंना आपलं नाव लावायचंय.”

“म्हणजे समजलं.”

“अहो, तेवढा एक शब्द टाका की. काय हरकत आहे?”

रांगेत कुणीतरी मोठ्यानं हसलं. मला राग आला. कशाचा, ते मला उशिरा कळलं.

मोतीराम हसले नाहीत. “त्या शब्दानं आज बाईंचं रान चाललं व्हतं,” एवढंच म्हणाले आणि खिडकीशी उभे राहिले. शब्द टाकायला त्यांना अर्धं मिनिट लागलं असतं. नियमानं मी बरोबर होतो, असं मला तेव्हा वाटत होतं. बंद व्हायला पाच मिनिटं असताना मी शिक्का मारला आणि नोंदवहीत तो शब्द माझ्या हातानं लिहिला.

महिन्याभरानं सुनावणी झाली. कृष्णाच्या वकिलानं आठ पानं दिली होती. साहेबांनी ती बाजूला ठेवली आणि कृष्णाला विचारलं, “ही तुमची सख्खी बहीण का?”

“व्हय साहेब.”

दोघांचीही नावं लावण्याचा आदेश झाला.

बाहेर आल्यावर कृष्णा म्हणाला, “अक्का, तू तर हरकत नाय म्हणली व्हतीस.”

“म्हणले व्हते. च्या पेतेस का इचारलं तरी मी तसंच म्हणते.”

कडूबाई त्याच्या पुढं चालत फाटकाबाहेर गेल्या.