उजव्या खिशातली बातमी

मेहरूणच्या तळ्याकडून अय्युबभाई पिंजाऱ्यांची तीनचाकी निघाली की आधी आवाज येतो, मग धूर येतो आणि मग अय्युबभाई येतात. गाडीच्या मागे कापूस पिंजायचं मशीन बसवलेलं. त्यावर पाटी : ‘गादी, उशी, रजई घरी येऊन भरून मिळेल.’ पाटीवर एक गोष्ट लिहायची राहिली आहे. गादीबरोबर जगाच्या बातम्याही भरून मिळतात.

वय एकसष्ट. दाढी पांढरी, पण ती मुळातच पांढरी की रुईने झालेली, हे बायको तबस्सुमलाही शुक्रवारच्या आंघोळीनंतरच कळतं. सदऱ्याला दोन खिसे, दोन्ही मुद्दाम मोठे शिवून घेतलेले. रोज सकाळी चहाच्या टपरीवर दोन मराठी आणि एक उर्दू पेपर वाचायचे, टपरीवाल्याकडे एक नजर टाकून कात्रणं फाडायची आणि खिशात घालायची. लढाई, भूकंप, महागाई, कुणाची जीभ कुठे घसरली, हे सगळं डाव्या खिशात. कुठे विहिरीला पाणी लागलं, कुठे हरवलेली म्हातारी सापडली, ते उजव्यात. डावा खिसा कायम भजी बांधून आणल्यासारखा फुगलेला. उजवा मात्र नुकताच इस्त्रीहून आल्यासारखा सपाट.

हे खिसे हौसेचे नव्हेत, धंद्याचे. नियम वडिलांचा, अतिकमियांचा : रुई उघडी असताना वाईट बातमी बोलायची नाही. रुई धूळ धरते, वास धरते, मग बोलणं कशाला सोडेल? अतिकमियांनी एकदा रेडिओवर पुराची बातमी ऐकत ऐकत एका पाटलाची गादी भरली, तर पाटलाला तीन महिने झोप नाही. पाटलाला त्या वर्षी खरूज झाली होती असं गावातले लोक सांगतात. पण गावातल्या लोकांना रुईतलं काय कळतं?

म्हणून जुनी गादी उसवताना, खोळ झटकताना डावा खिसा. मशीन सुरू झालं की डाव्याचं तोंड बंद, उजवा चालू.

“लढाया का होतात, माहीत आहे?” अय्युबभाई विचारतात आणि उत्तराची वाट न बघता दाभण हवेत नाचवतात. “हे मोठमोठे लोक झोपतात कशावर? फोमवर! फोमवर पाठ गरम होते. पाठीची गरमी डोक्यात चढते. सकाळी उठला की माणूस चहाच्या आधी नकाशा मागतो. लढाई पेटवणाऱ्या त्या दोघांना आठ दिवस माझ्याकडे द्या. दहा-दहा किलो देशी कापूस, वर सुती खोळ. दुपारी बाराच्या आत उठले तर नाव बदलून ठेवीन.”

तर असे अय्युबभाई यंदा मे महिन्यात रावेरकडे, नथ्थूभाऊंच्या घरी लग्नाची गादी भरायला गेले. नथ्थूभाऊ म्हणजे केळीवाले. त्यांच्या मोठ्या मुलीच्या लग्नाची गादी अय्युबभाईंनीच भरली होती, आता धाकटीची, मोहिनीची. लग्न गुरुवारी, हा सोमवार. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडलेले, कडुनिंबाखाली सतरंजी अंथरलेली, आणि घरातल्या माणसांची तोंडं मात्र दहाव्याला आल्यासारखी.

“काय झालं, भाऊ?” अय्युबभाईंनी मशीनचा पट्टा चढवत विचारलं.

“काय व्हायचं राह्यलं आता?” नथ्थूभाऊ बांबूवर टेकले. “तुमच्या त्या डाव्या खिशात असंल नं सारं. आखातात लढाई पेटली, इमानं बंद. नवीन तिकडं दोह्याले अडकला. परवापासून फोनबी लागत नही. माही केळी तिकडं जाऊन नही राह्यली अन् जवाई इकडं येऊन नही राह्यला. दोघायचा रस्ता एकच निघला, भो!”

नवीन म्हणजे नवरदेव. दीपनगरच्या वीजकेंद्रातल्या फिटरचा मुलगा, दोह्याला एसी दुरुस्त करतो. वाळवंटात गारवा पुरवणारा जावई म्हणून नथ्थूभाऊ वर्षभर गावात मिरवत होते. आता तेच गरम होऊन बसले होते.

अय्युबभाईंनी पोतं सोडलं, मशीन सुरू केलं. घर्रर्र-फट्, घर्रर्र-फट् करत रुईचे ढग बाहेर पडायला लागले. तेवढ्यात ओट्यावर मोहिनीच्या मावशीने टीव्ही लावला. मावशी म्हणजे सुंदरबाई. शिंदखेड्याहून लग्नासाठी आठ दिवस आधीच आलेल्या, आवाज तिथूनही ऐकू यावा असा. टीव्हीतल्या बाईने मात्र त्यांच्यावरही ताण केली. “सर्वात मोठी बातमी! आकाश बंद! आकाश बंद!” जणू आकाशाची किल्ली तिच्याच पर्समध्ये होती.

“आभाय बंद म्हने!” सुंदरबाई ओरडल्या. “आभायले काय कुलूप ऱ्हास का?”

“टीव्ही बंद करा!” अय्युबभाई त्याहून मोठ्याने ओरडले. “रुई उघडी आहे!”

टीव्ही बंद झाला. सुंदरबाई कमरेवर हात ठेवून समोर आल्या. “मंग तू सांग काही चांगलं. शे का तुनाकडे?”

शे म्हणजे आहे. अय्युबभाईंकडे चांगली बातमी होती, पण एकच. त्यांनी उजव्या खिशातून कात्रण काढलं आणि मशीनच्या वर आवाज चढवून वाचलं. कुठल्याशा देशात एका घरातलं हरवलेलं कासव बारा वर्षांनी सापडलं, घरच्याच माळ्यावर, जिवंत आणि तब्येतीने.

कोणी हसलं नाही. मोहिनी रुईच्या ढिगाजवळ बसून एक एक पुंजका बोटांनी उलगडत होती. ती म्हणाली, “चाचा, बारा वर्षं लागली त्याला?”

आणि तिचे डोळे भरले. एक थेंब पापणीवर येऊन थांबला, आणि पापणीच्या बरोबर खाली उघडी रुई. अय्युबभाईंनी चाळीस वर्षांत पुष्कळ बघितलं होतं, पण लग्नाच्या गादीत नवरीचं पाणी? त्यांनी घाईघाईने उजव्या खिशात हात घातला. आत नुसती चुन्याची चपटी डबी. त्यांनी ती काढली, चष्म्यापुढे धरली आणि तिच्यावरच छापून आल्यासारखं वाचलं, “अरे, ही तर विसरलोच! विमानं सुरू झाली. आज सकाळची बातमी.”

पुढच्या अर्ध्या मिनिटात त्या अंगणात जे झालं ते वरातीत व्हायचं असतं. सुंदरबाईंनी परात वाजवली. मोहिनीची आई सुनंदाबाई पदर खोचत धावल्या, “माय व! बुंदी पाडा, बुंदी! आचाऱ्याले हाक मारा!” नथ्थूभाऊंनी बँडवाल्याला फोन लावला, “ये रे बाबा, पक्कं हाये. नवरदेवाचा फोन बंद हाये म्हणजे तो इमानातच बसेल हाये. इमानात फोन बंदच ठेवा लागते, मले माहीत हाये!”

मोहिनीने मोबाइल उचलला, नवीनला एक निरोप टाकला आणि मोबाइल उलटा ठेवला. खरं-खोटं तपासायचं तिने टाळलं. चार दिवस त्याच मोबाइलमध्ये तिने वाईटच वाचलं होतं. आता एक चांगली बातमी हाती लागली, ती तिला हातातून घालवायची नव्हती.

गादी भरली. काठीने झोडपून सारखी केली. टाके असे पडले की मोजपट्टीने लाजावं. इतकी सुरेख गादी अय्युबभाईंनी आयुष्यात भरली नव्हती, आणि घरी येताना त्यांना इतकं वाईटही आयुष्यात वाटलं नव्हतं.

जेवताना तबस्सुमने तेवढं ओळखलं. भाकरी वाढता वाढता तिने सगळं काढून घेतलं आणि हात तसाच हवेत थांबवला.

“रुई में झूठ भर के आए?”

“बच्ची रो रही थी.”

“तो रुमाल देते!”

अय्युबभाईंनी हवेतली ती भाकरी स्वतःच ताटात ओढून घेतली.

मंगळवारी सकाळी टपरीवर त्यांनी पेपर उघडला. विमानं बंद. दुसरा उघडला. बंद. उर्दू तर उजवीकडून वाचतात, तिकडूनही बंदच. त्या दिवशी त्यांनी एकही कात्रण फाडलं नाही. टपरीवाल्याने विचारलं, “तब्येत बरी ना?”

तिथून ते तडक रावेरकडे निघाले. नथ्थूभाऊंच्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांना एक शेजारी भेटला. रागावलेला. “तुमच्या नथ्थूले काल सांगलं, अजून इमानं सुरू नही झाली, मोबाइलवर येऊन राह्यलं. तर मलेच म्हणते, अय्युबभाई तीन-तीन पेपर वाचते, तू काय वाचतो? भिंतीवरच्या जाहिराती?”

हे ऐकून अय्युबभाईंची तीनचाकी तिथेच बंद पडली. उरलेली गल्ली त्यांनी ढकलत नेली.

अंगणात मांडव अर्धा उभा, चुलाणावर कढई, परातीत बुंदीचा डोंगर. अय्युबभाई मधोमध उभे राहिले. “नथ्थूभाऊ, गादी उसवायची आहे.”

“काहून? रुई कमी पडली?”

“नाही. खोटं जास्त पडलं.”

आणि त्यांनी चुन्याच्या डबीपासून सगळं सांगून टाकलं. मांडवावर चढलेला माणूस वरच थांबला. सुनंदाबाई झारा हातात धरून म्हणाल्या, “आठ किलोची बुंदी पाडली मी! आता ही काय कासवाले खाऊ घालू?” सुंदरबाई दोन पावलं पुढे आल्या. “भाऊ, तुनी जीभ शे का पिंजानं मशीन? बठ्ठं जग पिंजी टाकं!” बठ्ठं म्हणजे सगळं. नथ्थूभाऊ उरलेल्या बांबूंवर टेकले. ते गादीकडे बघत राहिले, आणि अय्युबभाईंना ते सर्वांत जड गेलं.

मोहिनी आत गेली. आता दार लावून घेते की काय, असं सगळ्यांना वाटलं. ती कात्री घेऊन बाहेर आली, गादीशेजारी बसली आणि पहिला टाका तिनेच कापला.

“चाचा, खरं काय ते सांगा. रुई उघडीच आहे, असू द्या.”

अय्युबभाईंनी एकदा आभाळाकडे बघितलं, बहुधा अतिकमियांकडे. मग चाळीस वर्षांत पहिल्यांदा उघड्या रुईसमोर ते वाईट बातमी बोलले, “विमानं बंद आहेत, बेटा. कधी सुरू होतील, कोणाला माहीत नाही. पण जमिनीवरून लोक निघाले आहेत, मिळेल त्या वाटेने. एवढंच छापलंय.”

“बास,” मोहिनी म्हणाली. “एवढं मला पुरेल.” आणि पुढचा टाका कापताना तिला हसू आलं. “डबी वाचत होतात ना काल? मला वाटलं, चाचांचा चष्मा फारच लांबचा आहे.”

आधी सुंदरबाई फुसकन हसल्या, मग वर चढलेला मांडववाला, मग सुनंदाबाईंच्या हातातला झारा हलायला लागला. नथ्थूभाऊ उठले आणि रुई मोकळी करायला येऊन बसले. “चालू करा मशीन,” म्हणाले. “या वेळेस काहीच नका भरू. नुसती रुई भरा.”

घर्रर्र-फट्, घर्रर्र-फट्. त्या आवाजात गल्लीत काळीपिवळी जीप येऊन थांबली ते कोणालाच ऐकू गेलं नाही. रुईच्या ढगातून एक माणूस चालत आला. दाढी वाढलेली, शर्टाचा रंग ओळखू न येणारा, खांद्यावर बॅग. सुंदरबाई त्याला आचाऱ्याचा माणूस समजून “ओ भाऊ, बुंदीनी ऑर्डर कॅन्सल शे,” असं सांगायला निघाल्या आणि अर्ध्या वाटेत किंचाळल्या,

“जवाई उना! ओ माय, जवाई उना!”

मशीन थांबलं. मोहिनी उभी राहिली आणि पुन्हा बसली, कारण मांडीवर सगळी रुई होती.

नवीन एका दमात सांगून गेला. कंपनीच्या गाडीतून रस्त्याने शेजारच्या देशात. सरहद्दीवर चौदा तास रांग. मोबाइल पहिल्याच दिवशी मेला. मग मिळालं ते विमान, ते आधी भलत्याच देशात गेलं. मग मुंबई, आणि तिथून भुसावळपर्यंत जनरल डब्यात दाराशी उभा. भुसावळपासून दीपनगर हाकेवर, पण तो घरी न जाता रावेरकडच्या काळीपिवळीत बसला. “म्हटलं, आधी हिला सांगावं, मी निघालोय म्हणून.”

“पोचल्यावर सांगतोस, निघालोय म्हणून?” मोहिनीने विचारलं. आता खुशाल तिचे डोळे वाहत होते. अय्युबभाईंनी मात्र या वेळी रुमाल पुढे केला.

“दोन मिनिटं बसतो,” म्हणून नवीन समोरच्या मऊ ढिगावर टेकला. रुईने त्याला हळूच आत घेतलं. सुनंदाबाई पाणी आणेपर्यंत तो झोपलेला होता.

मग गंमत. लग्नाआधी नवरदेव सासरच्या अंगणात आडवा! सुंदरबाईंनी हाका मारल्या. शिंदखेड्याला ऐकू गेल्या असतील, त्याला नाही. परात वाजवली. दीपनगरहून त्याच्या वडिलांनी फोनवर “नव्याऽऽ!” म्हणून आरोळी ठोकली, तो फोन कानाशी धरला. त्याने कूस बदलली आणि फोन उशीखाली घेतल्यासारखा रुईत दाबला. आत वडील बराच वेळ बोलत होते.

“उठवा हो त्याले,” नथ्थूभाऊ म्हणाले. “गादी कव्हा भरायची?”

अय्युबभाईंनी दाभण आडवं धरलं. “खबरदार. कोणी हात लावायचा नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाईक माल भरायच्या आधी तपासून घेतंय.”

सुनंदाबाईंनी बुंदीची वाटी त्यांच्या हातात दिली आणि उरलेल्या बुंदीचे लाडू वळायला घेतले. अय्युबभाई कडुनिंबाखाली वाटी घेऊन बसले. मग मोहिनीकडून पेन मागितलं, वाटीखाली दिलेला कागद पुसून त्यावर चार ओळी लिहिल्या आणि घडी करून उजव्या खिशात घातल्या. कोणताच पेपर ही बातमी छापणार नव्हता.

नवरदेव बुधवारी सकाळी उठला, तेव्हा कुठे गादीला टाके पडले. मूठभर रुई कमी भरली. ती त्याच दिवशी हळद लावताना त्याच्या केसांतून निघाली.