ते वचन मला सापडलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

खोपोलीत आमच्या शेजारी मार्थाबाई राहायच्या. कर्जतला नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर शुगरनं डोळे गेले. मी हायस्कुलातला निवृत्त मास्तर, ना देवाचा ना धर्माचा. तरी रोज चार वाजता त्यांना बायबल वाचून दाखवायचो. चांगुलपणा म्हणून? थोडासा. खरं तर मला चुका काढायची हौस. एका पानावर ज्ञान सोन्याहून मोलाचं, दुसऱ्यावर ज्ञान वाढलं की दुःख वाढतं — असं काही दिसलं की मी पेन्सिलीनं खूण करायचो आणि त्यांना ऐकवायचो.

एकदा त्या हसल्या. "सर, दोन्ही खरं हाय. तुमी येवढं शिकलात, पन दुःख सोसलेल्या मानसाला कदी इचारलं नाय." चहा घेऊन आलेली माझी सूनही हसली. एवढंच. एवढंच हो — पण मला ते लागलं.

बाईंची एकुलती एक मुलगी, एस्तेर, अकराव्या वर्षी काविळीनं गेली. ती वर आपली वाट बघतेय, या भरवशावर बाई जगत होत्या. हे मला ठाऊक नव्हतं का? पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच दुसऱ्या दिवशी मी ते पान शोधून काढलं — मेलेल्यांना काहीच कळत नाही, त्यांना पुढे कसलं फळही नाही, असं सांगणारं. सावकाश वाचलं. वर्गात नापासांची नावं वाचायचो, तसं.

त्या म्हणाल्या, "म्हंजे मी येनार हाय ते एस्तेरला ठावंच नसंल?" आणि लगेच — "ते दुसरं वाचा ना, सर. स्वर्गात मोठं प्रतिफळ हाय म्हनतात ते."

ते पान मी उघडलं. बोट त्या ओळीवर होतं माझं. आणि मी म्हणालो, "असं कुठं दिसत नाही, बाई. तुमच्या ऐकण्यात चूक झाली असेल."

जन्मभर ऐकलेलं वचन — तरी त्यांनी होकारार्थी मान डोलावली. मी सर होतो ना. आणि मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज नको." मग रोजच आज नको. कळंबहून त्यांची भाची सोबतीला आली. तिला वाचता येत होतं, पण बाईंनी पुस्तक उघडूच दिलं नाही. असे दोन महिने गेले. मध्ये फक्त एक भिंत. मी गेलो नाही. लाज वाटली म्हणू? लाज होतीच. पण तिच्याआधी — आपण जिंकलो, असंही वाटलं होतं मला.

बाई गेल्या, त्याच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. "एस्तेर वळखंल का गं मला?" भाची भांडी घासत राहिली. बाईंनी पुन्हा विचारलं.

मी टीव्हीचा आवाज वाढवला.