डोमाकाकाची कबुली

आता काय सांगू तुम्हाला! सातवीत शाळा सोडलेल्या माणसानं पोलिसगिरी करू नये, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? नसतंच ऐकलं.

झालं असं. माझा मोठा भाऊ गेला. तापानं, तीन दिवसांत. त्याच्याबद्दल जास्त बोलत नाही, नाहीतर तुमचा चहा थंड होईल. त्याची एक लाल मोटारसायकल मागे राहिली. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अंगणात गाडी नाही!

किल्ली माझ्या खिशात आणि गाडी गायब! भाऊ गेला, आता त्याची गाडीही गेली. डोकंच फिरलं माझं.

संशय कोणावर? शेजारच्या डोमाकाकावर. का? तर तेरवीच्या आदल्या दिवशी त्यानं गाडीच्या सीटवर हळूच हात फिरवला होता. दुसऱ्याच्या गाडीवर असा हात कोण फिरवतो? चोरच ना!

धरली कॉलर. भोवती गाव जमलं.

"काका, गाडी तुम्हीच नेली ना?"

"नाई गा बाबू."

"नेली ना? खरं सांगा!"

काकानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "हाव," म्हणाला.

पाहिलंत? दोन मिनिटांत कबुली! मला तर वाटलं, पोलिसात जायचं सोडून आपण उगाच धानाच्या बांध्यांत आयुष्य घालवलं.

"कायले नेली? इकायले ना?"

"हाव, इकायले."

"मग भेवानं नहरात टाकली ना?"

काकानं डोकं खाजवलं. "तू म्हणून राहिला तं टाकली असन."

झालं! उन्हाळी धानासाठी इटियाडोह धरणाचं पाणी कालव्याला सुटलेलं, नहर भरून वाहत होता. अर्धं गाव कमरेइतक्या पाण्यात उतरलं. एक चप्पल निघाली, एक फुटकी बादली निघाली. मी काठावरून ओरडतोय, "आणखी खाली पाहा!" आणि सगळ्यांत मन लावून कोण शोधत होतं? डोमाकाका! मध्येच वर बघून मलाच विचारतो कसा, "बाबू, नेमकी कुठी टाकली म्हणून मी?"

तेवढ्यात कोणीतरी फोन केला म्हणून पोलीस ठाण्यातून जमादारसाहेब आले.

"साहेब, चोरानं कबूल केलंय! दोन लावा, म्हणजे जागाही सांगेल!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काकाला सावलीत बसवलं, पाणी पाजलं आणि म्हणाले, "काका, सकाळपासून काय काय झालं, ते तुमच्या मनानं सांगा." मग गप्प! ही काय चौकशी झाली? मी बघतच राहिलो.

काका सांगू लागला. उठलो, बैल सोडले, चहा मांडला, तर ह्यानं येऊन कॉलर धरली.

"मग गाडी नेली म्हणून काऊन सांगितलं?"

"साहेब, भाऊ गेल्यापासून हा पोट्टा कोणाशी बोलत नाई. आज पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही एवढ्या जोरात. त्याले नाई कसा म्हणू?"

नहरातले सगळे थांबले. मला काहीच कळेना.

"आता तू," साहेब मला म्हणाले. "गाडी शेवटची चालवली तिथून सांग. मी मध्ये बोलत नाही."

"तेरवीच्या सकाळी केशोरीला गेलो. बिछायत केंद्रातून तेरवीच्या स्वयंपाकाचे मोठे गंज भाड्यानं आणायचे होते. गाडी दुकानामागं लावली. गंज टेम्पोत चढवले. ते गडगडू नयेत म्हणून मी टेम्पोतच धरून बसलो आणि घरी..."

तिथं मी थांबलो. ओलंचिंब अर्धं गाव नुसतं बघत होतं माझ्याकडे.

काका म्हणाला, "चाल, मीही येतो."

एसटीनं केशोरी गाठली. गाडी दुकानामागंच होती. पण तिथं बसलेला माणूस नवा.

"गाडी कोणाची?"

"माझी."

त्यानं गाडीचे कागद मागून पाहिले. "हे नाव तं तुझं नाई."

"भावाचं आहे."

"मग भावाले पाठव."

मी तोंड उघडलं. भावाला कुठून पाठवू?

तो उभा राहून ओरडला, "चोरून आणली का बे?"

आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल?

"हाव."

खोटं सांगत नाही, शप्पथ! त्या वेळी त्यानं नहरात टाकली का विचारलं असतं, तरी मी हाव म्हणालो असतो.

काका धावत पुढे आला. त्यानं सगळं समजावलं. तो माणूस एकदम खाली बसला, मग उठून गाडीची सीट स्वतः पुसून दिली.

मी किल्ली काकाच्या हातात ठेवली, गाडी काकानं चालवली. मी मागं बसलो. गावात शिरलो तर नहराच्या पुलावर लोक अजून कपडे वाळवत बसलेले.

"डोमा, गाडी भेटली म्हण की! अन मागं हे काय आणलं?"

काका गाडी न थांबवता ओरडला, "हे बी तिथीच राहून जात होतं!"