बाथरूमच्या कोपऱ्यातली सळई

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्या हिला आंघोळ सून घालायची. सून गुणाची आहे, पण तिला अंबडला कंपनीत पहिली शिफ्ट. म्हणून सगळं पहाटेच उरकावं लागे. ही मला हळूच म्हणाली, "धरून उठायला काही असतं तर मी एकटीनं केली असती. सुनेसमोर असं बसायचं, नको वाटतं हो."

सून मला म्हणाली, "दादा, दुकानात स्टीलचा दांडा मिळतो, आणू का?"

मी जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस. बायकोसाठी विकतचा दांडा आणू? शिवाय आमच्या बाथरूमच्या कोपऱ्यात दांडा वळलेला पाहिजे. तसा दुकानात नाही मिळत.

शाळा माझी चौथीपर्यंतच, पण पार्किंगमधल्या माझ्या शेडमध्ये कुठला माल कुठं आहे ते डोळे मिटून सांगेन. ॲल्युमिनियमच्या दोन सळया होत्या. एक ७०७५ नंबरची, विमानाच्या कामाची, एकदम पैलवान. दुसरी ६०६१, साध्या कामाची. हिचं वजन काही कमी नाही, म्हणून मी पैलवान उचलला. व्हाइसच्या जबड्यात आवळला, लांब पाइप चढवून जोर लावला, आणि कडाक्! बाहेरच्या अंगानं चिरला.

ही शेजारी खुर्ची टाकून बसलेली. "काय हो, वाकला का?"

"लय कडक माल आहे."

"मग तुमच्याच घराण्यातला दिसतो."

मी दुसरी सळई, ६०६१ काढली. तीही थंड वाकवली तर तडकते, आधी तापवून मऊ करावी लागते. पण ॲल्युमिनियमची खोड अशी, की लोखंडासारखं ते लाल होऊन सांगत नाही, एकदम वितळून खाली पडतं. म्हणून आम्ही सळईवर साबण घासतो. खालून ज्योत फिरवायची, साबण काळा पडला की थांबायचं. मी आत जाऊन साबण आणला.

"अहो, तो माझा चंदनाचा! कपड्याचा नव्हता का?"

"ह्यानं काम चांगलं होतं." हाताला आला तो घेतला होता, पण हिला कशाला सांगा.

साबण तपकिरी झाला, मग काळा. ज्योत बाजूला घेतली, पाइप चढवला, आणि सळई हू का चू न करता वळली. मऊ केलेला माल मऊच राहतो, म्हणून बाथरूममध्ये बसवताना वळणापाशी भिंतीत जादा आधार दिला. बोल्ट आवळले आणि पाय उचलून स्वतः लोंबकळलो.

"उतरा आता," ही ओरडली, "तुम्ही पडलात तर तुम्हाला आंघोळ कोण घालणार?"

दुसऱ्या दिवशी सून कामाला गेली. ऊन चांगलं वर आल्यावर ही आत गेली आणि कडी लावली.

"कडी कशाला?"

"लावणार."

मी दाराशी उभा. पाण्याचा आवाज आला, मग थांबला. सळईवर बांगड्या वाजल्या, म्हणजे ही उठत होती. मी दाराला कान लावला.

"अगं, जमतंय ना?"

"उभी आहे मी. तुम्ही दारातून हला बघू. अजून एक बादली घेणार आहे, आज मला घाई नाही."